देवीला विचारलेले इंच

आमच्या ग्रामदेवीला तोवर कुणीही इंचांत प्रश्न विचारला नव्हता. लग्न जुळेल का, हरवलेली म्हैस कुठल्या दिशेला गेली, मुंबईला गेलेला मुलगा खुशालीचं पत्र का टाकत नाही, असलं सगळं तिच्या कानांवरून गेलेलं. पण लाकूड घासायचं हातातलं मशीन तीन इंची आणावं की चार इंची, हे विचारणारे माझे यजमान पहिलेच.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं असतील. रत्नागिरीहून बसने आलं की फाट्यावरून थोडं चालत आमचं गाव. हे सुतारकाम करायचे. आमच्यात कामाची वाटणी ठरलेली होती: पुरुषाने रंधा मारायचा, बाईने काचपेपरने घासायचं. यांच्या हातच्या पाटावरून माशी घसरेल, असं लोक कौतुकाने म्हणायचे. ती घसरण माझ्या हातची होती, पण ते बोलून दाखवायची कुणाला गरज वाटली नाही. मीही कधी बोलले नाही. बोलून करणार काय?

एका सकाळी पेज पिताना यांच्या हातातून वाडगा निसटला. उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. इस्पितळातून परत आले तेव्हा बोलणं सुधारलं होतं, पाय ओढत का होईना चालता येत होतं. हात मात्र गेला तो गेलाच. खांद्याला नुसता लटकलेला. चिमटा काढला तरी यांना कळत नसे.

मला रडू आलं नाही. शेजारणी खास मला रडताना बघायला येत आणि चहा पिऊन निराश होऊन जात. "दगडाची हायस गो," एकजण तोंडावर म्हणाली. मला त्याचा रागही आला नाही. भात शिजवायचा, यांना अंघोळ घालायची, सदऱ्याची बटणं लावायची. दुखत काहीच नव्हतं. फक्त कशाला चव उरली नव्हती, सोलकढीलासुद्धा.

पडवीत फणसाची एक अखंड फळी भिंतीला टेकून उभी होती. झोपाळ्याची. आजारपणाच्या आधी यांनीच कापून, रंधा मारून ठेवलेली. शेवटचं घासणं तेवढं राहिलेलं. गिऱ्हाईक भला माणूस. "पुरी करून तुमच्याच हातून घेणार, थांबतो मी," असं सांगून गेला. त्याने चांगुलपणाने म्हटलं, पण हे रोज त्या फळीसमोर बसू लागले. मी घासून टाकते म्हटलं, तर "माझं काम मी पुरं करीन" म्हणून काचपेपर माझ्या हातातून काढून घेतला.

तेवढ्यात माझा दीर रजेवर आला. तो परदेशी बोटीवर खलाशी होता. मागच्या खेपेला टेपरेकॉर्डर आणला होता, या वेळी मशीनची बातमी आणली. "खाली पट्टा गरगर फिरतो, लाकूड आपसूक गुळगुळीत. तीन इंची पट्ट्याचा हलका असतो, दादा. डाव्या हातानं सावरशील. दारं-खिडक्या, पाट, सगळं जमेल. चार इंची मोठ्या फळ्यांना बरा, पण जड. फणसाएवढा, दोन्ही हात लागतात."

"मग फणस काय मी कधी उचलला नाय?" हे म्हणाले. "चार आण."

दोघेही हट्टी, एकाच आईचे. वाद मिटेना तेव्हा यांनीच काढलं, देवीला कौल लावू.

गुरव गोंधळला. "देवीला काय सांगू? कसली माशीन?" यांनी त्याला हवेत डावा हात फिरवून मशीन समजावलं. शेवटी त्याने देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "चार इंची योग्य असंल तर उजवी दे गो माय." आम्ही बघत राहिलो. उजवी कळी पडली.

यांनी डाव्या हाताने डोळे पुसले. मशीनसाठी कुणी रडत नाही. तेव्हा मला कळलं, यांनी विचारलं होतं इंचांचं, पण कौल लावला होता हाताचा. चार इंचीला उजवी मिळाली, म्हणजे हात परत येणार.

देवळाच्या पायऱ्यांवर दिराने मला मागे थांबवलं. "वयनी, तू सांग. तीनच आणतो. चार मिळाला नाय म्हणून सांगेन दादाला."

मी विचार केला, बाजारात भाजी कुठली घ्यावी याचा करतात तेवढाच. तीन म्हणजे हात गेला, आणि तो गेला हे मी ठरवलं.

"चारच आणा, भावोजी." मला आशा होती म्हणून नव्हे. तीन म्हणायला जे लागतं, ते माझ्यापाशी नव्हतं.

पुढच्या शिमग्याला मशीन आलं. दिराने त्याची परदेशी पिन कापून आपली लावून दिली. फळी दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली. यांनी अंघोळ करून मशीनला नमस्कार केला. डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून मागच्या मुठीवर बसवली, पुढची मूठ डाव्या हातात धरली आणि जरा थांबले. मग डाव्या हातानेच बटण दाबलं.

कासरा सुटलेल्या बैलासारखं मशीन धावलं. उजवा हात मुठीवरून गळून पडला. फळीवर तिरपी खाच पाडून ते खाली जाणार, तोच मी भिंतीतून पिन उपटली. दीर उठून अंगणात गेला.

हे मशीनकडे बघत नव्हते, हाताकडे बघत होते. "नाय आला," एवढंच म्हणाले.

मला राग आला. बऱ्याच महिन्यांत आलेला पहिला. देवीचा नाही, यांचाही नाही, त्या खाचेचा. एवढ्या सुंदर फळीवर ती खाच! मी पदर खोचला, पिन परत लावली आणि दोन्ही मुठी धरल्या.

"दाबू नको," हे मागून म्हणाले. "त्याचं वजन पुरे हाय. तू नुसती ने."

जड होतं म्हणूनच ते माझ्या हाताखाली फळीला धरून राहिलं. हे उठले, वायर डाव्या हाताने उचलून खांद्यावर घेतली आणि माझ्याबरोबर फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाय ओढत चालू लागले. पिवळा भुसा दोघांच्या भुवयांवर बसला. खाच हळूहळू उथळ होत गेली आणि मग दिसेनाशी झाली.

मी बटण बंद केलं. दोन्ही हात जागेवर नव्हतेच. पदर सोडवायला गेले तर बोटांना पदर लागेना.

"अवो, माझे हात मला कळत नायत. नुसत्या मुंग्या आल्यात." मग मीच विचारलं, "तुम्हाला असंच होतं काय?"

वर्षभर मी रोज यांची बटणं लावत होते, पण असं कधी विचारलं नव्हतं.

यांनी वायर खाली ठेवली. "मुंग्या आल्यात ना? मग बरं हाय. मला मुंग्यासुद्धा येत नायत गो."

माझे डोळे भरले. मी फळीवर हात टेकले.

"रड," हे म्हणाले, "पण बाजूला हो. फणसाला पाण्याचा डाग पडतो."

मी फळीपासून बाजूला झाले आणि भुशात बसून रडले.