शरदिनीताईने न बदललेली घंटा

फ्रान्समधल्या एका खेड्यात खून झाला तर तपास कोण करतो, हे दुर्गाघाटच्या आमच्या गल्लीतला पानवालासुद्धा सांगेल. हवालदार ओक्ताव. याला जबाबदार माझी चुलतबहीण शरदिनीताई. तीस वर्षं कॉलेजात फ्रेंच शिकवून ती रिटायर झाली आणि एका फ्रेंच लेखिकेची ओक्तावची मालिका मराठीत आणायला बसली. पुण्याच्या प्रकाशकाने चार भाग काढले, चारही हातोहात खपले. ताई हाताने लिहिते, मी बँकेतून आल्यावर टाइप करतो आणि कुरकुर फुकट करतो.

प्रत्येक प्रकरण पुण्याला जाण्याआधी ती यज्ञेश्वरकाकांना वाचून दाखवते. काका म्हणजे तिचे वडील, वय शहाऐंशी. रामघाटच्या वेदपाठशाळेत शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. आता डोळे गेलेत, कान मात्र शाबूत आहेत. खून, वाईन, कोंबडीचा रस्सा, सगळं ते सोवळं नेसून शांतपणे ऐकतात. ओक्तावबद्दल त्यांची एकच तक्रार, की तो तपासात घाई करतो.

यंदा पाचव्या भागाचं शेवटचं प्रकरण चाललं होतं. ओक्ताव खुन्याला पकडतो तो एका म्हाताऱ्याच्या साक्षीवर. खुनी गिरणीतून पळाला तेव्हा चर्चच्या घंटेचे सहा ठोके पडत होते, असं म्हातारा सांगतो. काकांनी ताईला तिथेच थांबवलं. म्हणाले, त्या गावाला घंटाच नाही. दुसऱ्या भागात तडा गेला म्हणून ती उतरवली, आणि तिसऱ्यात पाद्री सायकलवरून दारोदार लोकांना बोलवत फिरतो. आम्ही पुस्तकं काढून पाहिली. काकांचं बरोबर होतं. लेखिका स्वतःच विसरली होती.

मी म्हटलं, घंटा काढ, मनगटी घड्याळ घाल, विषय संपव. पुण्याचे संपादक मुकुलराव फोनवर तेच म्हणाले. ताई म्हणाली, लेखिकेला विचारते, तिने सांगितलं तर बदलेन. ईमेल गेली. तीन आठवडे उत्तर नाही. मग मुकुलरावांनी साफ सांगितलं, की जूनअखेर घंटा बदलून मजकूर आला नाही तर हा भाग आणि पुढचे सगळे दुसऱ्या अनुवादकाकडे जातील. ताईचा जीव त्या मालिकेत अडकलेला, मला ठाऊक होतं. म्हणूनच मला तिचा भयंकर राग आला. एका घंटेपायी सात वर्षांची मेहनत पाण्यात घालायची? मी आवाज चढवला.

"सुमंत, तू परेशान नको होऊस," ती म्हणाली. "दुसऱ्याचा पाठ आहे. चूक दिसली तर सांगायची, आपल्या हाताने बदलायची नाही. या घरात मी एवढंच ऐकत मोठी झाले."

काका शेजारीच बसले होते. ते तरी तिला समजावतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी तिला तेच पान पुन्हा वाचायला सांगितलं.

एक जुलैला मुकुलरावांचा फोन आला. दुसऱ्या बाईंशी बोलणं सुरू झालं होतं. ताईने ठीक आहे म्हटलं आणि आत जाऊन वरण शिजत टाकलं. तिचे डोळे भरलेले होते. माझा राग कुठल्या कुठे गेला.

चार तारखेला फ्रान्सहून उत्तर आलं. लेखिका इस्पितळात होती, म्हणून उशीर. नऊ भाषांत पुस्तक गेलं, पण घंटेबद्दल मला एकाही अनुवादकाने विचारलं नाही, असं तिने लिहिलं होतं. साक्ष तिने नव्याने लिहून पाठवली होती. आता म्हातारा पाववाल्याच्या गाडीच्या भोंग्यावरून वेळ ओळखतो. आणि प्रकाशकाला तिने वेगळं कळवलं होतं, की मराठीत ओक्ताव येईल तो याच बाईंच्या हातून. मुकुलरावांनी माफी मागितली. मी छाती फुगवून गल्लीभर सांगत फिरलो, जणू घड्याळ घाल म्हणणारा दुसराच कुणी होता.

गुरुपौर्णिमेला काकांचे जुने विद्यार्थी येतात, कुणी नाशिकहून, कुणी ग्वाल्हेरहून. ते ओळीने बसतात आणि ताई चहा-फराळाचं पाहते. दरवर्षीचंच आहे. काकांनी तिला कधी संथा दिली नाही. पाठशाळेत मुलींना शिकवत नसत. यंदा सगळे बसल्यावर त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून तिला हाक मारली. ती ओल्या हातांनीच बाहेर आली.

"ओळीत बस," काका म्हणाले. मग विद्यार्थ्यांना म्हणाले, "हिला मी काही शिकवलं नाही. ती चूक माझी. पण पाठ सांभाळायची वेळ आली तेव्हा तुम्हा सगळ्यांपेक्षा ही पक्की निघाली."

पिकल्या केसांचे ते वैदिक सरकले आणि त्यांनी मधोमध जागा केली. ताई बसली. त्या दिवशी चहा मी केला.