संमतीपत्रावरचा अंगठा

ती घटना अजून डोक्यातून गेलेली नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, दंगल पाहिली, तापीच्या पुरात दोन दिवस पोलीस स्टेशनच्या गच्चीवर काढले. ते सगळं मी चहा पिता पिता सांगू शकतो. हे मात्र तसं सांगता येत नाही, कारण या प्रकरणात माझ्या एका सहीने एक माणूस मरणाच्या दारापर्यंत गेला.

मी घराण्याने खानदेशी, जन्माने सुरतेतल्या उधन्याचा. वडील कापड रंगवण्याच्या कारखान्यात होते. घरी अहिराणी, शाळेत मराठी, बाहेर हिंदी आणि नोकरीत गुजराती, असा माझा चार भाषांचा संसार. पोलीस स्टेशनात खानदेशातलं कुणी आलं की ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा आमचा जमादार डोळे मिचकावून म्हणायचा, "साहेब, तमारा गामवाळा आव्या." त्या दिवशीही तो तसंच म्हणाला.

मे महिना होता. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. पस्तिशीची एक बाई पांडेसऱ्याच्या कामगारवस्तीतून दोन रिक्षा बदलून आली होती. खुर्चीत बसायला तयार नव्हती. मी अहिराणीत विचारल्यावर तिला बोलता आलं.

"साहेब, मना मालक दवाखानामा शेतस. माले भेटू देतस नई. नऊ दिन व्हयनात."

तिचा नवरा एका कापडाच्या प्रोसेसिंग मिलमध्ये सोळा वर्षं रंगकाम करत होता. फार पूर्वी त्याला मनाचा आजार झाला होता. भिंतीआडून लोक आपल्याबद्दल बोलतात, असं त्याला वाटायचं. शहरातल्या एका खाजगी मानसोपचार रुग्णालयाच्या गोळीने तो बरा राहिला, मिलमधली एक पाळी चुकवत नव्हता. त्याच रुग्णालयात आता एका औषध कंपनीच्या नव्या गोळीची चाचणी सुरू होती. नेहमीच्या तपासणीला गेला, तेव्हा "काही दिवस दाखल राहा" एवढंच त्याला सांगितलं गेलं. चाचणीचा नियम असा, की आधी जुनं औषध बंद करायचं, मग काहींना नवी गोळी द्यायची आणि काहींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी द्यायची. हे सगळं मला नंतर कळलं. बाईला फक्त इतकंच माहीत होतं, की आदल्या दिवशी दाराच्या काचेतून तिने नवऱ्याला पाहिलं आणि तो तिच्याकडे पाहून, गोळी बदलली, असं ओरडत मागे सरकला.

मी रुग्णालयात फोन लावला. अर्ध्या तासात तिथला संशोधन समन्वयक फाईल घेऊन स्वतः हजर झाला. कडक इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. त्याने संमतीपत्र माझ्यापुढे ठेवलं. खाली अंगठा, बाजूला साक्षीदाराची सही. "सर, घरच्यांना भेटला की पेशंट डिस्टर्ब होतो," तो म्हणाला. मी कागद पाहिला. कागद व्यवस्थित होता. पोलीस खात्यात माणसापेक्षा कागदावर लवकर विश्वास बसतो, आणि मीही त्याच खात्यात मुरलेला. मी जाणवाजोग, म्हणजे नुसती माहितीपुरती, नोंद करवून घेतली: चौकशी केली, रुग्ण स्वखुशीने दाखल, कारवाईची गरज नाही. खाली सही ठोकली.

बाईला म्हणालो, "ताई, फिकर नको करू. घर जाय."

ती हलली नाही. म्हणाली, "साहेब, त्यास्नी गोयी बदलाई गई. त्या मरी जातीन." मग पिशवी उचलून गेली.

तीन दिवसांनी सकाळी अकराच्या सुमारास पोलीस स्टेशनचा फोन वाजला. जमादाराने ऐकलं आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. पलीकडून एक बाई तोंडावर हात धरल्यासारखी कुजबुजत होती.

"साहेब, चोथा माळे एक मराठी भाई छे. बे दिवसथी पाणी नथी पीतो. बधा कहे छे, नाटक करे छे. मने बीक लागे छे."

फोन बंद झाला. चौथ्या मजल्यावरचा मराठी माणूस दोन दिवस पाणी पीत नाही, सगळे म्हणतात नाटक करतोय, आणि सांगणाऱ्या बाईला भीती वाटते आहे. नंबर त्याच रुग्णालयाचा होता, बोलणारी बहुधा तिथलीच एखादी नर्स किंवा आया. मे महिन्याच्या सुरतेत दोन दिवस पाण्यावाचून म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगायला नको. मी लगेच जीप पांडेसऱ्याला पाठवली आणि बाईला आणवलं.

महिला कॉन्स्टेबल तिचं निवेदन लिहून घेऊ लागली. बेकायदा डांबून ठेवल्याची तक्रार नोंदवल्याशिवाय मला चौथ्या मजल्यापर्यंत कुणी जाऊ दिलं नसतं. तोवर मी नोंदीला जोडलेली संमतीपत्राची प्रत तिच्यासमोर टाकली. तिला वाचता फारसं येत नव्हतं. तिने अक्षरांकडे पाहिलंच नाही, अंगठ्यावर बोट ठेवलं.

"हाऊ अंगठा त्यास्ना नई."

"कशावरून?"

"रेशनना मशीनवर त्यास्ना अंगठा येसच नई. सोडा नि रंगखाल घिसाई गया. रेशन लेवाले मीच जास."

मी तो कागद तिच्या बोटाखालून जवळजवळ ओढलाच. एकेक रेष मोजता येईल असा स्वच्छ अंगठा. पोलीस प्रशिक्षण शाळेत नमुना म्हणून लावावा असा. कॉस्टिक सोड्यात आणि गरम रंगात सोळा वर्षं हात घालणाऱ्या माणसाचा अंगठा असा उमटत नाही. उमटतो तो नुसता डाग. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या वडिलांचा अंगठा पेन्शनच्या कचेरीतून तीनदा परत आला होता. ते टेबलापुढे शरमून उभे राहायचे आणि मी शेजारी उभा असायचो. असल्या बापाचा मुलगा असून मी तीन दिवसांपूर्वी तोच कागद पाहून सही केली होती. त्या क्षणी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

बाईला घेऊन आम्ही पावणेएकला रुग्णालयात पोहोचलो. चौथा मजला थंडगार आणि शांत होता. इतकी शांतता रुग्णालयात चांगली नसते. समन्वयक लिफ्टपाशीच आडवा आला. त्या खोलीची चावी मोठ्या डॉक्टरांकडे आहे, डॉक्टर अहमदाबादला गेलेत, संध्याकाळी येतील, आपण थांबावं. बोलताना हसत होता. मी त्याला त्याच्याच केबिनमध्ये बसवलं.

एरवी मी चौकशीत घाई करत नाही. समोरच्याला बोलू द्यावं, चहा पाजावा, तो आपणहून घसरतो. त्या दिवशी तेवढा वेळ नव्हता.

"हा पेशंट काम काय करतो?" मी विचारलं.

"लेबर आहे, सर."

"कसलं लेबर?"

तो फाईल चाळू लागला. मी विचारलं, संमती घेताना व्हिडिओ काढायचा असतो, तो कुठे आहे? म्हणाला, कॅमेरा बिघडला होता. मग मी बरोबर आणलेलं शाईचं पॅड टेबलावर उघडून ठेवलं आणि शेजारी संमतीपत्र. त्याने दोन्ही हात टेबलाखाली घेतले. त्याचं हसू आधी गेलं, मग चेहऱ्याचा रंग गेला.

"हात वर."

"सर," तो एकदम हिंदीत आला, "पागल से क्या पूछना? पूछते, तो भी वो क्या समझता?"

कंपनीने ठरवून दिलेली रुग्णसंख्या मुदतीत भरायची होती. विचारत बसलं असतं, तर निम्मे लोक नाही म्हणाले असते. म्हणून त्याने स्वतःचाच अंगठा लावला होता. मोठ्या डॉक्टरांनी न पाहता सह्या केल्या होत्या. चावी त्याच्याच पँटच्या खिशात निघाली.

कुलूप उघडलं, पण दार उघडेना. आतून पलंग लावलेला होता. मी सवयीने मोठ्याने म्हणालो, "पोलीस!" आत काहीतरी फुटलं आणि एक आवाज आला. तो किंचाळण्याचा नव्हता, तितकी ताकदच उरलेली नव्हती. घशातून निघालेला कोरडा, घासल्यासारखा आवाज. मी आयुष्यात अनेकांना घाबरवलं आहे, तो माझ्या धंद्याचा भाग होता. पण माझ्या आवाजाने एखादा माणूस इतका भ्यालेला मी पाहिला नव्हता. मलाही भीती वाटली, की आता हा आतल्या आत काही करून घेईल, फुटलेल्या काचेने.

मी टोपी आणि पट्टा काढून कॉन्स्टेबलकडे दिला. सगळ्यांना व्हरांड्याच्या टोकाला पाठवलं. बाई दाराशी फरशीवर बसली.

"आहो, मी शे. दार उघाडा."

मग आतून, "तू बी त्यास्नीच शे का?"

ती रडली नाही. पिशवीतून घरच्या पाण्याची बाटली काढली, उठून दाराच्या काचेसमोर धरली आणि स्वतः दोन घोट प्यायली. मग थांबली. पुन्हा प्यायली. तोंडाने काही समजावलं नाही. धाकट्या मुलीची शाळेला सुट्टी लागली, शेजारणीने पापड केले, मिलमधला जोडीदार विचारत होता, असलं घरचं बोलत राहिली. मी भिंतीला टेकून घड्याळ पाहत होतो. पंचवीस मिनिटांनी पलंग सरकल्याचा आवाज आला.

त्याचे ओठ फाटले होते, जीभ जाड झाली होती, डोळे आत गेले होते. तिच्या हातातून बाटलीच्या झाकणाने, एकेक झाकण करून, तो पाणी प्यायला. प्रत्येक झाकणाआधी तिच्या तोंडाकडे पाहायचा, तिने प्यायल्यावरच प्यायचा. सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, आणखी एक दिवस गेला असता तर मूत्रपिंडं निकामी झाली असती.

खरा धक्का मला पुढे बसला, पंचनाम्यानंतर. रुग्णालयाने ठेवलेली त्याची रोजची नोंदवही जप्त करून आणल्यावर मी एकेक पान वाचलं. दुसऱ्या दिवसाची नोंद होती: "आपल्या गोळ्या बदलल्या आहेत, असा रुग्णाला संशय. आजाराचे लक्षण." तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी: "संशय वाढला. आपल्याला न सांगता काही दिले जाते, असे म्हणतो." शेवटी: "अन्नपाण्यात विष असल्याचा भ्रम." विषाची गोष्ट खोटी होती. आधीचं सगळं खरं होतं. गोळ्या बदलल्या होत्या आणि त्याला सांगितलं नव्हतं. तो माणूस रोज खरी तक्रार देत होता आणि समोरचे लोक ती आजार म्हणून सुवाच्य अक्षरात लिहून ठेवत होते. पोलीस स्टेशनच्या केबिनमध्ये, भर दुपारी, दिवे लागलेले असताना मला ती वही बंद करावी लागली.

ठसेतज्ज्ञाने समन्वयकाचा अंगठा जुळवून दिला. आणखी काही संमतीपत्रांवरही तोच होता. बाकीचे रुग्ण सुखरूप घरी गेले. खटल्यात बचावाच्या वकिलाने माझी जाणवाजोग नोंद दाखवली: पोलिसांनीच चौकशी करून सगळं ठीक असल्याचं लिहिलं आहे. मी पिंजऱ्यात सांगितलं, नोंद माझी आहे, सही माझी आहे आणि ती चुकीची आहे. खटला अजून चालू आहे, त्याबद्दल अधिक बोलणार नाही.

नव्या औषधांच्या चाचण्या व्हायला हव्यात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याची जुनी गोळीही कधीतरी कुणावर तरी तपासूनच बाजारात आली असेल. पण भ्यालेला माणूस काही सांगू लागला की तो वेडा आहे की शहाणा, हे आपण आधी ठरवतो आणि तो काय सांगतो ते नंतर ऐकतो, किंवा ऐकतच नाही. मी स्वतः किती जणांना "डोकं फिरलेलं आहे" म्हणून पोलीस स्टेशनच्या पायरीवरून परत पाठवलं असेल, याचा हिशेब आता लागणार नाही. त्यातल्या एखाद्याचं खरं असेल, हा विचार निवृत्तीनंतर मला सोडत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी पांडेसऱ्याला त्यांच्या खोलीवर गेलो होतो. तो पुन्हा मिलमध्ये जात होता. जेवण झाल्यावर बायकोने पाण्याचा पेला आणि जुनीच, ओळखीची गोळी आणली. त्याने ती तळहातावर घेतली, उलटीपालटी करून पाहिली.

"हाई कसानी गोयी शे?"

तिने गोळीचं नाव सांगितलं. कशासाठी आहे तेही सांगितलं.

"हाईच का? दुसरी नई ना?"

"हाईच. दुसरी नई."

त्याने गोळी गिळली. ती माझ्याकडे वळून, जरा ओशाळून म्हणाली, "रोज इचारतस, साहेब. मी बी रोज सांगस."