उन्हाच्या गावातली मऊ हाडं

स्कॉटलंडात डॉक्टरकी शिकत होते तेव्हा हाडं मऊ पडण्याचा दोष आम्ही धुक्याला द्यायचो. ऊन नाही, म्हणून ड जीवनसत्त्व नाही. चंदीगडला नोकरी घेतली तेव्हा वाटलं, इथं हा आजार पुस्तकातच भेटेल. आता माझ्याकडे किस्से इतके साठलेत की मराठी मंडळात मी तोंड उघडलं की कुणीतरी म्हणतंच, "आली ऊनवाली बाई."

*

मे महिन्यात हॉस्पिटलातल्या आमच्या मोठ्या सरांना म्हटलं, ओपीडीतल्या बायकांच्या हाडांचे एक्स-रे काढू या. गुडघ्यावर हात टेकल्याशिवाय एकीलाही उठता येत नाही.

सर हसले. "डॉक्टरसाहिबा, खिडकीबाहेर बघा. इथं उन्हाची कमी आहे का?"

मी बघायला गेले. खिडकीवर वाळ्याचा पडदा होता.

*

चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतल्या एका मेजरच्या बायकोला सांगितलं, रोज अर्धा तास उन्हात बसा. महिन्यानं आल्या, दुखणं तसंच.

"बसलात का?"

"पक्का. चांगला तासभर."

"कशा?"

"छत्री घेऊन. आणि हातमोजे. रंगाचं तुम्ही काही बोललाच नव्हता, म्हणून मीच काळजी घेतली."

*

शेजारच्या कुलकर्णीवहिनींची मेधा एकोणीस वर्षांची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सतरंजीवर बसली आणि खुर्ची धरल्याशिवाय तिला उठता येईना. मी हट्टानं एक्स-रे काढायला लावला. ज्याची भीती होती तेच निघालं. गोळ्या दिल्या, तोंडावर मुरमं येतील म्हणून वहिनींनी त्या तिसऱ्या दिवशी बंद केल्या.

काल संध्याकाळी पुन्हा गेले.

"वहिनी, कंबरेचं हाड असंच वाकत गेलं तर बाळंतपणात जिवावर बेतेल. निदान उन्हात तरी बसवा."

"अगं, नागपूरचं स्थळ आलंय. पुढच्या महिन्यात बघायला येतायत. आत्ता कुठं रंग जरा उजळलाय."

"आणि हाडं?"

वहिनींनी माझ्यापुढे चहा ठेवला. "हाडं कोण बघतं?"

मेधानंच माझी समजूत काढली. मराठी सगळं कळतं तिला, पण बोलते हिंदीत. "रहने दो ना, दीदी. शादी के बाद बैठ जाऊँगी धूप में."

रात्रभर डोळा लागला नाही. आज सकाळी बाजार उघडल्या उघडल्या लोकर आणि सुया आणल्या. वहिनींना सांगून आले, माझ्या दुपारच्या सुट्टीत मेधाला रोज माझ्याकडे पाठवा, सासरच्यांसाठी स्वेटर विणायला शिकवते. वहिनी खूश झाल्या.

माझी खोली गच्चीवर आहे. आणि मला विणता येत नाही.