ओढलं मी, गेलं पलीकडे

मी आयुष्यात एकदाच चोरी केली आणि ती माझ्याच घरात झाली.

आमच्या मंदारला, म्हणजे नातवाला, एक मुलगी पसंत पडली आणि तिलाही मंदार पसंत पडला (हे जास्त नवलाचं!). मुलीचं नाव शर्वरी. ठाण्याची. इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकवते. आता तिची आई तेवढी आमचं घर बघायला येणार होती, आणि आमचं घोडं दरवेळी तिथंच पेंड खातं. आधीची दोन स्थळं याच पायरीवरून परत गेली. दोन्ही वेळी मुलीकडच्या बायकांनी स्वयंपाकघरात शिरून आधी नळ सोडला, मग एकमेकींकडे बघितलं, मग "कळवतो" म्हणाल्या. अजून कळवतायत.

म्हणून या वेळी मी फोनवरच ठणकावलं, "पाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे चोवीस तास धो धो!"

सुनेने कपाळावर हात मारला. "आई, त्या शुक्रवारी येतायत. शुक्रवारी बदलापूरला पाणी बंद असतं!"

"मग पिंप कशाला ठेवलंय? शोभेला?"

आमचं पिंप गॅलरीत कमरेएवढ्या लोखंडी स्टँडवर आहे. मुलाने त्याच्या बुडातून पाइप काढून स्वयंपाकघरातल्या नळाला जोडलाय. उंचावर ठेवलं की पाण्याला जोर येतो म्हणे. पिंप भरलेलं असेल तर कोरड्या दिवशीही नळ अगदी खऱ्यासारखा वाहतो. विहीणबाईंना तोच दाखवायचा बेत होता.

शुक्रवारी दुपारी मी पिंपात डोकावले. अर्धंच! सकाळी सुनेने पाहुणे येणार म्हणून पडदे धुतले होते. पाणी दिसावं म्हणून पिंप भरून ठेवायचं आणि पडदे दिसावेत म्हणून ते उपसायचं. शिकलेली आहे माझी सून.

ती कोथिंबीर आणायला गेली होती आणि मंदार पाहुण्यांना आणायला स्टेशनवर. मी गॅलरीत उभी राहून कठड्यापलीकडे बघितलं. शेजारच्या भारती भाभी, मूळच्या उल्हासनगरच्या, बहिणीकडे गेलेल्या. त्यांचं पिंप खाली फरशीवर, जवळजवळ काठोकाठ भरलेलं. मी देवाशप्पथ दोन मिनिटं विचार केला. (खरं तर अर्धंच मिनिट. बाकीचा वेळ नळी शोधण्यात गेला.)

नळीचं काम मला नवं नाही. मोरिवलीला राहायचो तेव्हा मी रॉकेलच्या पिंपातून नळीने डबे भरत असे. तोंडाने ओढायचं, आलं की बोट दाबायचं, डब्यात सोडायचं. सगळी चाळ मला बोलवायची. म्हणजे ज्याने ओढलं त्याच्याकडे येतं, हा माझा पक्का हिशोब!

नळीचं एक टोक भाभींच्या पिंपात टाकलं. स्टुलावर चढले. दुसऱ्या टोकाला तोंड लावून गालफडं आत जाईपर्यंत ओढलं. तोंडात पाणी आलं, नाकात आलं, ब्लाऊजमध्ये गेलं. बोट दाबून टोक आमच्या पिंपात खुपसलं, चांगलं तळापर्यंत. आतून गुळगुळ आवाज यायला लागला. काय समाधान वाटलं! लुगडं बदललं आणि जरा आडवी झाले.

उठले ती बेल वाजली म्हणून. विहीणबाई, शर्वरी, मंदार, मागून कोथिंबीर घेऊन धापा टाकणारी सून. नमस्कार झाले. विहीणबाई बसल्यासुद्धा नाहीत.

"हात धुते हं जरा," म्हणत सरळ स्वयंपाकघरात!

नळाने "खर्रर्र" केलं. दोन थेंब टाकले. गप्प.

"चोवीस तास ना हो?" विहीणबाईंनी विचारलं.

मंदारचा चेहरा असा झाला, की मला माझ्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. सून गॅलरीत धावली आणि तिथूनच ओरडली, "आई! पिंप ठणठणीत कोरडं!"

"फुटलं असेल," मी म्हटलं.

एवढ्यात दारातून भारती भाभी आत. साडी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली.

"आजी! मेरी गॅलरी में तलाव झालाय! पिंप भरून वाहतंय! ही नळी कोणी लावली?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला एकदम सुचलं.

"मीच लावली. म्हटलं, आज पाणी बंद, तू बाहेर गेलेली, घरी येऊन काय करशील बिचारी!"

भाभींच्या डोळ्यांत पाणी आलं. (आज सगळीकडे होतं, माझ्या पिंपात सोडून!) त्या माझ्या पाया पडल्या. विहीणबाई गहिवरल्या. "पाहुणे येणार हे माहीत असूनही सगळं पाणी शेजारणीला? असं मन कुठं बघायला मिळतं हो आता?"

मी पदराने डोळे टिपले. जरा जास्तच टिपले.

शर्वरी मात्र गॅलरीत गेली होती. तिने नळी बघितली, स्टँड बघितला, स्टूल बघितलं, दोरीवरचं माझं ओलं लुगडं बघितलं. मग येऊन माझ्या कानाशी वाकली.

"आजी, द्यायचं असतं तर नळी पलीकडे जाऊन ओढली असती ना तुम्ही?"

"तू पोलिसात आहेस का गं?"

"नाही, पाण्याचाच विषय शिकवते. पाणी कोणी ओढलं ते बघत नाही, आजी. कोणाची पातळी खाली आहे तिकडे जातं."

रॉकेलचा डबा कायम खाली असायचा, पिंप वर. हे मला तेव्हा आठवलं!

"आईला सांगणार का आता?" मी विचारलं.

तिने मंदारकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नाही. पण मला घर पसंत आहे. असं घर ठाण्यात मिळणार नाही."

चहा भाभींनी त्यांच्या पाण्याचा करून आणला. म्हणजे आमच्याच.

मार्गशीर्षात लग्न झालं. शर्वरी आता दरवर्षी पोरांना हा धडा शिकवताना फळ्यावर दोन पिंपं काढते. पोरं मन लावून ऐकतात म्हणे, आणि परीक्षेत कोणी चुकत नाही. शर्वरी सोडली तर आमच्या घराण्यात इंजिनिअरिंग कॉलेजात पोचलेली मी पहिली बाई, तीही चौथी पास. फक्त तिथं मला उदाहरण म्हणून घेतलंय, आणि तेही चुकीचं!