आज आम्हीच आमच्या कंपनीवर सायबर हल्ला करवला

मंडळी, घरी येऊन चहासुद्धा घेतला नाही, आधी हे लिहितोय!

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत मी आयटी सांभाळतो. आज बाहेरचे ट्रेनर बोलावून सायबर हल्ल्याचा सराव केला. हल्ला आमच्या सिस्टिमच्या हुबेहूब नकलेवर होता, म्हणजे खरं काम सुरूच. प्रॉडक्शन हेड भोईर साहेबांनी आधीच बजावलं होतं, "टाइमपास वाटला तर पुन्हा परवानगी मागू नका."

हल्ला सुरू झाला. नकलेतले ऑफिसचे कॉम्प्युटर एकेक करून लॉक व्हायला लागले. माझ्या टीममधली स्नेहा ओरडली, "सर, हे प्लांटपर्यंत पोचायच्या आत तिथलं नेटवर्क तोडू का?"

मी भोईर साहेबांकडे बघितलं. ते म्हणाले, "अरे, असं कसं तोडणार? औषधाची बॅच चालू आहे!"

आमची वादावादी संपेपर्यंत प्लांटही लॉक!

साहेबांनी लॉक झालेला स्क्रीन बघितला. मग म्हणाले, "परत घ्या. या वेळी स्नेहाला वाटेल तेव्हा ती तोडेल. मला विचारायचं नाही."

दुसऱ्या फेरीत स्नेहाने लगेच नेटवर्क तोडलं आणि प्लांट वाचला! काय ओरडलो आम्ही! साहेब म्हणाले, "पुढच्या वेळी डिस्पॅचवाल्यांनाही बसवा."

महागडं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतंच. पण निर्णय कोणी घ्यायचा हे ठरलेलं नव्हतं. ते आज कळलं, तेही एकही बॅच वाया न जाता.

तुमच्याकडे असं झालं, तर नेटवर्क कोण तोडणार? उद्या ऑफिसात विचारून बघा आणि काय उत्तर मिळालं ते इथे सांगा.