चष्म्याची खूण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि माझ्याबद्दल तिला माहीत नसलेलं असं फारसं काही नाही, हे आमच्याकडे पाच मिनिटं बसलात तरी तुम्हाला कळेल.

सुरुवात माझ्या एका मूर्खपणापासून करतो. ते सोपं जातं.

आमची कंपनी पिरंगुटला. पत्र्याचे भाग दाबून काढायचे, त्यामुळे प्रेसशॉपमध्ये दिवसभर धडाधड. मी सेफ्टी विभागात कारकून. नेऱ्याहून कंपनीच्या बसमध्ये सोपान आणि मी शेजारी बसायचो. तो मोठ्या प्रेसवरचा ऑपरेटर, माझ्याहून चार वर्षांनी लहान. आम्हा दोघांना एकच खूळ – अवकाशयानांची एक मालिका, हिंदीत डब केलेली. हळूहळू अख्ख्या बसला तिची लागण झाली आणि दोन पक्ष पडले. माझं म्हणणं, खरी मजा लढाईत; तोफा, स्फोट, दणदणाट. सोपान म्हणायचा, "लढाईत काय हाय, दादा? त्याच्या आधी समदी गप बसून पडद्याकडं बघत्यात, हल्ला हुतुया का न्हाई – जीव तितं टांगतो."

एके सकाळी मी बसभर सांगितलं, की पाचव्या भागातल्या लढाईची नुसती घरघर ऐकून माझ्या अंगावर काटा आला. सोपान म्हणाला, "त्या लढाईला आवाजच न्हाई. मुद्दाम ठेवला न्हाई." मी मनात हसलो. का हसलो, ते सांगतोच. रविवारी तो घरी आला, तो भाग परत लावला. लढाई सुरू झाली, संपली, चिडीचूप. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, त्या दिवशी मी शेंगदाण्याची चटणी वाटत होते."

सोमवारपासून बसमध्ये माझं नाव मिक्सरशेठ. "मिक्सरशेठ, आज कंचा भाग वाटला?" सोपान रोज विचारायचा आणि घोटवडे फाट्यापर्यंत बस हसायची. मीही हसायचो. पण पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला एवढंसं इतकं लागावं? – लागलं.

आता, मी मनात का हसलो होतो ते. सोपानचे कान जात चालले होते. मालिका तो स्पीकरवर हात ठेवून, खालची अक्षरं वाचत बघायचा. प्रेस नीट बसतोय की नाही, हे त्याला तळपायांतून कळायचं, आणि ते कळणारा अख्ख्या शॉपमध्ये तो एकटाच. म्हणून त्याला प्रेस सोडायचा नव्हता. हे सगळं फक्त मला माहीत होतं, कारण दरवर्षीच्या तपासणीत त्याला पास मीच करायचो.

कसं? कानांची तपासणी करणारी गाडी कंपनीत यायची. आत काचेची खिडकी असलेली एक पेटी. माणूस कानांवर हेडफोन लावून तिच्यात बसतो. आवाज ऐकू आला की हातातलं बटण दाबतो. बाहेर तपासणारा, आणि त्याच्या मागे यादी घेऊन मी. आवाज सोडला की यंत्रावर बारीक दिवा लागायचा. दिवा लागला, की मी बोटाने चष्मा वर सारायचो. सोपान बटण दाबायचा. तीन वर्षं हे चाललं. मी त्याला मैत्री म्हणत होतो.

चौथ्या वर्षी गाडी आली, ती मिक्सरशेठच्या दिवसांत. सकाळीच बसमध्ये त्याने चटणीची कृती विचारली होती. तो पेटीत बसला, माझ्याकडे बघून हसला. आणि मी –

मी चष्मा काढून खिशात ठेवला.

दिवा लागला, विझला. परत लागला. सोपान काचेतून माझ्याकडे बघत होता. हलत नव्हता, पापणीसुद्धा नाही, अंगठा बटणावर. आतही आवाज नाही, बाहेरही नाही. जीव कुठे टांगतो, ते मला त्या वेळी कळलं. चष्मा खिशातच होता. हात नेला असता तर – नेला नाही.

बाहेर आल्यावर त्यानेच विचारलं, "डोकं दुखत व्हतं का, दादा?" मी म्हणालो, "हो रे, फार." त्याने मला सबब दिली, मी ती घेतली.

त्याला प्रेसवरून काढून पॅकिंगला बसवलं, खोक्यांवर लेबलं चिकटवायला. तिथे जमीन हलत नाही. त्याची बसही बदलली. नापास होणं त्याच्या भल्याचंच होतं, असं मला सांगू नका; ते मी स्वतःला सहा वर्षं सांगतोय. कान वाचवायची वेळ होती तेव्हा मी त्याला पास केलं. नापास केलं ते एका चटणीपायी. आणि दोन्ही वेळा माझ्या शर्टावर सेफ्टीचा बिल्ला होता. मग कुठल्या तोंडाने भलं म्हणू?

आता त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. यंदा मालिका पुन्हा सुरू झालीय; नवा भाग दर रविवारी येतो आणि तो बघायला सोपान आमच्याकडे. आमचा नवा टीव्ही भिंतीवर, स्पीकरला हात पुरत नाही. पहिल्याच रविवारी तो म्हणाला, "दादा, लढाईला आवाज आसला तर चष्मा वर करा. नसला तर ऱ्हाऊ द्या."

सहज म्हणाला? की सगळं माहीत असून म्हणाला? मी त्याच्या तोंडाकडे बघून शोधतो, सापडत नाही. तो मात्र लढाई सोडून माझ्याकडे बघत बसतो – तस्साच, पापणी न हलवता. मी बोट उचलतो. यानं थरथरतात, स्फोट होतात, आणि मी दर खेपेला वेळेवर चष्मा वर सारतो. सहा वर्षं उशिरा.

हे लिहून झाल्यावर आधी बायकोला वाचायला दिलं. तिने शेवटापर्यंत वाचलं. मग पानं सारखी करून माझ्यापुढे ठेवली.

"आता तोंडाने सांगून सोपानभाऊजींना ऐकू जायचं नाही," ती म्हणाली. "रविवारी हीच पानं द्या त्यांच्या हातात. आणि ते वाचत असताना चष्मा काढू नका."