माफी मागणारा आरोपी

भाद्रपद लागला आणि एखाद्या मांडवातून माइकवर 'हॅलो, हॅलो, चेक' ऐकू आलं, की ते प्रकरण माझ्यासमोर येऊन उभं राहतं. नोकरीत मी खुनाचे तपास केले, दरोडे उघडकीस आणले. पण निवृत्तीनंतर कुणी 'साहेब, एखादी केस सांगा' म्हटलं, की मी ती अँप्लिफायरचीच सांगतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जुन्नर तालुक्यातल्या एका बाजारपेठेच्या गावात मी ठाण्याचा प्रभारी होतो. गणपतीत पोलिसाला घरदार नसतं. बंदोबस्ताच्या पाळ्या लावा, मिरवणुकीचा मार्ग ठरवा, कुणाच्या मांडवाचा खांब कुणाच्या दारात आला ती भांडणं मिटवा. त्यात गणपती बसले त्याच्या दुसऱ्याच सकाळी पेठेतल्या मंडळाची पोरं ठाण्यात घुसली. रात्रीतून मांडवातला अँप्लिफायर वायरसकट गायब झाला होता. मूर्तीच्या गळ्यातला चांदीचा हार जागेवर, समई जागेवर. गेला तो फक्त अँप्लिफायर. चांदी सोडून अँप्लिफायर नेणारा चोर मी तरी तोवर पाहिला नव्हता.

माझा हवालदार मोठा उत्साही गृहस्थ. गुन्हा काय झालाय हे कळायच्या आधी त्याला गुन्हेगार माहीत असायचा. दुपारच्या आत त्याने डोंगरातल्या मढ गावाकडून बाजारला आलेल्या एका माणसाला दंडाला धरून आणलं. "साहेब, डोंगराकडचा हाय, आन् पोतं लई फुगलंय." पोतं सोडलं, तर आत काकड्या! माझं डोकं सणकलं. त्यातल्या निम्म्या काकड्या मी हवालदारालाच विकत घ्यायला लावल्या. तो माणूस मात्र पोतं बांधून, मान खाली घालून निघून गेला.

पोरांचा संशय आणखी भलताच. "साहेब, खोडदची दुर्बीणवाली मान्सं असतील. त्यांना आवाज चालत न्हाई म्हनं."

"अरे, ते आकाशातल्या रेडिओ लहरी पकडतात. तुमची आरती ऐकायला त्यांना वेळ आहे का?"

"तसं न्हाई साहेब, शिकलेल्या मान्सांचा काय भरवसा..."

मी सगळ्यांना हाकललं. लेखी अर्ज तेवढा ठेवून घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मंडळाचा अध्यक्ष धापा टाकत आला. कांद्याच्या बागायतदाराचा मुलगा, तिशीतला, आवाज मुळातच एवढा मोठा की याला अँप्लिफायर हवाच कशाला, असा प्रश्न पडावा. "साहेब, सापडला! मांडवासमोरच्या शेठनं कबुली दिली!"

मांडवासमोर या शेठचं किराणा दुकान. आजोबा राजस्थानातून आले, पण शेठ स्वतः जन्मले, वाढले ते याच पेठेत. जैन कुटुंब. त्यांचं पर्युषण पर्व आदल्याच दिवशी संपलं होतं आणि त्यात शेठाणींनी अठाई केली होती, म्हणजे आठ दिवस अन्नाचा कण नाही, फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसा. त्या दिवशी त्यांचं पारणं होतं, म्हणजे उपास सोडायचा दिवस. मंचरकडचे पाहुणेही आले होते. गणपती बसायच्या आधी शेठनी अध्यक्षाला 'आवाज जरा बारीक ठेवता आला तर बघा' असं सांगितलं होतं. झालं, पोरांच्या दृष्टीने हेतू सिद्ध झाला.

हवालदार शेठना आणायला गेला, तर त्यांनी आतून बदामाचं पाकीट आणून त्याच्या हातात ठेवलं. "दिवाळीला अजून वेळ आहे हवालदारसाहेब, पण असू द्या." पोलीस दुकानात येतो तो फुकटचं न्यायलाच, हे त्यांच्या मनात इतकं पक्कं होतं. हवालदार पाकीट परत करून त्यांना ठाण्यात घेऊन आला. तोवर बाहेर पोरं जमून घोषणा द्यायला लागली होती. शेठना लगेच घरी पाठवलं असतं तर दुकानाच्या फळ्या राहिल्या नसत्या. मी त्यांना माझ्याच खोलीत बसवलं आणि चहा मागवला.

"नको साहेब. हिचं पारणं झाल्याशिवाय मी पाणीसुद्धा घेणार नाही."

हवालदार माझ्या कानाशी आला. "बगा साहेब, गुन्हेगार चहा पीत न्हाई."

"परवाचा पाकीटमार मागून मागून प्यायला ना रे?"

"तो सराईत व्हता."

कपाळ! मी हवालदाराने लिहिलेला कबुलीजबाब वाचायला घेतला. त्यात होतं, 'आरोपीने अध्यक्षाच्या दारी जाऊन, हात जोडून, जाणता-अजाणता केलेल्या कृत्याची माफी मागितली.'

"अजाणता अँप्लिफायर चोरतात कसा, ते मला एकदा करून दाखव," मी म्हणालो. हवालदार छताकडे बघायला लागला.

शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. "साहेब, संवत्सरी, म्हणजे पर्युषणाचा शेवटचा दिवस झाला की आम्ही सगळ्यांची माफी मागतो. वर्षभरात कळत नकळत कुणाचं मन दुखावलं असेल म्हणून. माझे वडील मागायचे, मी मागतो. याच्याही घरी दरवर्षी जातो."

मी अध्यक्षाला आत बोलावलं. "शेठ दरवर्षी माफी मागतात?"

"मागत्यात की. लाडू पन देत्यात."

"मग गेल्या वर्षी काय चोरलं होतं?"

अध्यक्षाने डोकं खाजवलं. लाजला मात्र नाही. "तवा अँप्लिफायर जागेवर व्हता ना साहेब," एवढंच म्हणाला.

तेवढ्यात शेठचा नोकर निरोप घेऊन आला. शेठाणी म्हणत होत्या, मालकांवरचा चोरीचा आळ जाईपर्यंत मी तोंडात पाण्याचा थेंब घेणार नाही. आठ दिवसांची उपाशी बाई. तिला काही झालं असतं, तर तो अँप्लिफायर सापडून कुणाच्या काय कामाचा होता? मी टोपी घातली, हवालदाराला सोबत घेतलं आणि अध्यक्षाला म्हणालो, "चल तुझ्या घरी. जागा पाहायची आहे आणि तुझा सविस्तर जबाब घ्यायचाय."

मांडवाला लागूनच त्याचं घर. एक कर्णा नेमका खिडकीसमोरच्या खांबावर बांधलेला. आत त्याची बायको बाळंतपणातून नुकतीच उठलेली, पाळण्यात तान्हं लेकरू. अध्यक्ष पाळण्याशी बसला, दोरी हातात घेतली आणि झोके देत देत जबाब सांगू लागला. "साहेब, लिहा. असल्या मान्साला पेठेत ठेवायचाच न्हाई..."

त्याच्या आईने, म्हणजे बाळाच्या आजींनी, पाणी आणून दिलं. मी सहज विचारलं, "बाळ झोपतं का नीट?"

"दोन दिस झालं, लई गुनाचं झोपतंय," आजी खूश होऊन म्हणाल्या.

गेले दोन दिवस पेठेतला जो तो मला एकच प्रश्न विचारत होता, 'साहेब, कधी सापडणार?' आजींनी विचारलं नव्हतं. मी पेला खाली ठेवताना पाळण्याच्या दोरीकडे पाहिलं. ती दोरी नव्हतीच. काळी, जोडतारेची, लखलखीत नवी स्पीकरची वायर होती! फिर्यादी चोरीच्या मुद्देमालाने स्वतःचं लेकरू हलवत होता आणि शेठला गावाबाहेर काढायच्या गोष्टी करत होता.

हसू दाबताना माझा जीव गेला. "आजी," मी म्हणालो, "बाकीचं कुठं आहे?"

आजींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "कांदं साठवायच्या चाळीत हाय. गोधडीत गुंडाळलाय, मोडला न्हाई काय."

"आये!" अध्यक्ष ओरडला.

"वरडू नगंस, उठंल त्ये! किती डाव सांगितलं तुला, लेकरू दचकतंय, कर्णा फिरव? आयचं कोन ऐकतंय! म्हनलं, म्हातारीवर कोनाचा वहीम जायाचा न्हाई."

"पण एवढा जड अँप्लिफायर तुम्ही उचललात?" हवालदाराला खरंच पटत नव्हतं.

"जल्मभर कांद्याच्या गोन्या काय तुमी उचलल्या व्हय, भाऊ? आन् वायर चांगली व्हती, वाया कशापायी घालवायची."

शेठवर आळ आल्याचं आजींना ठाऊकच नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीतून त्या सकाळपासून बाहेरच पडल्या नव्हत्या. शेठाणी पाण्यावाचून बसल्याचं मी सांगितलं, तसा त्यांचा चेहरा उतरला. "अगं बाई, माज्यापायी?" म्हणत त्या पदर खोचून निघाल्याच. पेठेतून त्या पुढे, मी मागे, माझ्यामागे गोधडीतला अँप्लिफायर छातीशी धरून अध्यक्ष. हवालदार ठाण्यातून शेठना घेऊन पोचला. दुकानापुढे हीऽ गर्दी.

"म्या नेला व्हता," आजींनी सगळ्यांसमोर सांगितलं. मग ओट्यावर चढून शेठाणींपुढे हात जोडले. "जानता-अजानता न्हाई, बाई. म्या जानूनच केलं. माफ कर."

शेठाणी एवढ्या अशक्त, पण हसल्या. पाण्याचा पेला त्यांनी आजींच्याच हातून घेतला. शेठनी मग अध्यक्षाकडे पाहून पुन्हा हात जोडले, "भाऊ, माझं काही चुकलं असेल तर..." त्यावर अध्यक्ष त्यांच्या पायाशी बसून ढसाढसा रडला. कर्ण्याचं तोंड त्याच दिवशी नदीकडे फिरवलं गेलं. मंडळाने अर्ज मागे घेतला, मी शेरा मारून तो निकाली काढला.

ठाण्यात आम्ही बोटांचे ठसे घ्यायचो. ती शाई साबणाने निघते. माणसाबद्दलचा ठसा एकदा मनावर उमटला, की त्याने हात जोडले तरी ती आपल्याला कबुलीच वाटते. गावाच्या नजरेत शेठ चोर ठरले आणि आजी बिचाऱ्या. बाजारला आलेल्या त्या काकडीवाल्याला तर ठरवायलाही कुणी वेळ घेतला नाही.

त्याच्यापुढे कुणी हात जोडायचे राहिलेच होते. हे हवालदाराच्या मनात आलं, माझ्या सांगण्याने नव्हे. पुढच्या बाजारी त्याने त्याला गर्दीत शोधून काढलं. मी मागेच उभा होतो. वर्दीतला माणूस समोर येताना दिसताच तो थांबला. हवालदाराने टोपी काढली, घसा खाकरला, हात जोडले. "पावणं, त्या दिवशी माज्याकडून जानता-अजानता..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्या माणसाने खाली बसून आपल्या पोत्याचं तोंड सोडलं होतं.